खेळांतलें नगर आणि कल्याणची पेठ

महाकाव्यांत काय काय असावें याची यादी देतांना दंडीनें वर्णनाच्या विषयांत पहिलें नांव नगराचें घातलें आहे. समुद्र, पर्वत, ऋतु, चंद्रोदय आणि सूर्योदय हे सारे त्याच्या मागून येतात. ही आज्ञा आपल्या पंडित कवींनीं इतकी मनावर घेतली कीं, संस्कृतांतील व त्या वळणावर गेलेल्या मराठी आख्यानांतील नगरें एकमेकांपासून ओळखतां येईनाशीं झालीं. सोन्याचे कळस, स्फटिकाचे प्रासाद, गुढ्या, तोरणें, पताका; वाचक पहिल्या चार श्लोकांत थक्क होतो आणि पुढच्या चारांत पेंगूं लागतो. उलट शूद्रकाची उज्जयिनी पाहा. तिच्यांत रात्रीचा काळोख आहे, जुगाराचा अड्डा आहे, भिंतीला भोंक पाडणारा चोर आहे, रस्त्यांत गाड्यांची कोंडी आहे, आणि एका गाडीऐवजीं दुसऱ्या गाडींत पाय पडल्यामुळें सगळ्या कथेचा ओघ बदलतो. देवलांच्या संगीत 'मृच्छकटिका'मुळें ही नगरी मराठी घराघरांत परिचित झाली, आणि तिच्यांतून आपणहि एक फेरफटका मारावा असें ज्यास वाटलें नाहीं असा प्रेक्षक विरळा. सोन्याच्या नगरींत जावेंसें वाटत नाहीं आणि चोरांच्या नगरींत जावेंसें वाटतें, याचें कारण काय असावें?

प्रश्न जुना आहे. पण त्याची परीक्षा पाहण्याचें एक नवें साधन गेल्या पन्नास वर्षांत निर्माण झालें आहे. तें म्हणजे संगणकाच्या पडद्यावर, आंतरजालाच्या द्वारें, हजारों माणसांनीं एकाच वेळीं सोंगें घेऊन खेळावयाचे खेळ. इंग्रजींत त्यांस 'रोल-प्लेइंग गेम्स' म्हणतात. आपण त्यांस सोंगांचे खेळ म्हणूं. खेळणारा एक पात्र निवडतो, त्यास नांव, रूप आणि धंदा देतो, आणि त्या पात्राच्या पायांनीं एका कल्पित जगांत हिंडूं लागतो. वाटेंत भेटणारा लोहार, वैदू किंवा लुटारू हा पुष्कळदां दूर कोठें तरी आपल्या खोलींत बसलेला खराखुरा माणूस असतो. पैसे लावून खेळण्याच्या खेळांशीं यांची गल्लत करूं नये. त्यांवर आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टांत कायद्यानें बंदी घातली आणि तो विषय अगदीं निराळा आहे. आमच्यापुढील विषय असा कीं, या कल्पित जगांत अरण्यें, गुहा आणि राक्षस विपुल असतांहि खेळणारे पुन्हा पुन्हा नगराकडे कां वळतात, आणि कांहीं नगरें गजबजतात तर कांहीं, रचना अप्रतिम असूनहि, ओस कां पडतात? आमच्या कल्याण-विठ्ठलवाडीच्या परिसरांत या प्रश्नाचें उत्तर दोन हजार वर्षें जमिनीवर लिहिलें जात आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून हीं दोन नगरें, एक पडद्यावरचें व एक खाडीकांठचें, शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पडद्यावरच्या नगराचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. या खेळांचें मूळ कागद, पेन्सिल व फांसे यांत आहे. अमेरिकेंत १९७४ मध्यें गायगॅक्स व आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. चारपांच मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसून सोंगें घ्यावयाचीं आणि एकानें सूत्रधार होऊन कथा पुढें न्यावयाची, अशी त्याची रीत. पुढें १९७८ मध्यें इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें 'मड' नांवाचा खेळ संगणकावर रचण्यास आरंभ केला, आणि रिचर्ड बार्टल यानें तो तडीस नेला. त्यांत चित्र नव्हतें. सारें जग शब्दांचें होतें. परंतु निरनिराळ्या ठिकाणीं बसलेलीं माणसें एकाच कल्पित स्थळीं एकमेकांस भेटूं लागलीं, ही नवलाई तेथून सुरू झाली.

नगराची खरी परीक्षा १९९७ मध्यें 'अल्टिमा ऑनलाइन' हा खेळ निघाला तेव्हां झाली. त्यांत ब्रिटन नांवाची राजधानी होती. रचनाकारांनीं तिला राजवाडा दिला, तट दिला, दुकानें दिलीं. परंतु गर्दी जमली ती पेढीच्या दारांत. कारण उघड होतें. प्रत्येकाला आपलें सोनें-सामान ठेवण्यास पेढीवर यावेंच लागे. जेथें सर्वांस यावेंच लागतें तेथें हत्यारें दुरुस्त करून देणारा लोहार ऐरण मांडतो. तेथेंच माल विकणारा हांका मारतो. तेथेंच खिसेकापू डोळा ठेवून उभा राहतो. या खेळांत शिवणकाम, सुतारकाम आणि स्वयंपाक यांच्याप्रमाणें भीक मागणें हीसुद्धां शिकून वाढवितां येण्याजोगी विद्या होती! राजवाडा पाहावयाचा तो एकदां; पेढीच्या दारांत मात्र रोज जावयाचें.

दोन वर्षांनीं आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळांत तर याहूनहि चमत्कारिक गोष्ट घडली. नगरें सोडून खेळणाऱ्यांनीं आपला बाजार भरविला तो एका बोगद्यांत. 'ईस्ट कॉमनलँड्स' नांवाच्या माळावरून पलीकडच्या वाळवंटाकडे जाणारा हा साधा रस्ता. रचनाकारांच्या मनांत तेथें बाजार नव्हता. पण तो वाटेवर होता आणि साऱ्यांस सोयीचा होता. बोगद्याच्या दोहों बाजूंस माणसें उभीं राहूं लागलीं; आपापला माल ओरडून सांगूं लागलीं; घासाघीस, ओळखी, उधारी, फसवणूक, थट्टामस्करी सर्व कांहीं तेथें होऊं लागलें. पुढें २००१ च्या डिसेंबरांत चालकांनीं एक व्यवस्थित बाजारपेठ बांधून दिली. तींत हांका मारावयास नकोत, घासाघीस नको; यादींत शोधावें, किंमत पाहावी, विकत घ्यावें. सोय झाली, आणि बोगदा ओस पडला. आज जुने खेळाडू जी आठवण काढतात ती त्या बोगद्याची. सोयीच्या पेठेबद्दल कोणी हळहळत नाहीं.

तिसरें उदाहरण 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ मध्यें निघालेल्या खेळाचें. त्यांतील एका पक्षाचें लिलावघर आरंभीं 'आयर्नफोर्ज' या एकाच नगरांत होतें. डोंगराच्या पोटांत कोरलेलें, मध्यभागीं तापलेल्या धातूचा रस वाहणारें हें नगर इतकें भरून जाई कीं, पुष्कळांच्या संगणकांस त्या गर्दीचा भार सोसत नसे. त्याच पक्षाचें 'डार्नासस' हें नगर प्रचंड वृक्षाच्या माथ्यावर वसलेलें, शांत आणि अतिशय सुंदर. परंतु तें आडवाटेस होतें आणि तेथें जाण्याचें कोणास कारण पडत नसे. त्या वृक्षावरचे पूल, तळीं व देवळें रिकामीं राहिलीं. पुढें २००६ च्या जानेवारींत इतर राजधान्यांतहि लिलावघरें उघडलीं, तेव्हां गर्दी पांगली.

या तीन उदाहरणांवरून एक सूत्र हातीं लागतें. नगर रम्य होतें तें तेथें परक्या माणसापुढें थांबण्याचें कारण असतें म्हणून. शिल्प, विस्तार आणि शोभा यांनीं डोळ्यास सुख होतें. परंतु पाय थांबतात ते गरजेनें, आणि पाय थांबल्यावांचून जिव्हा सुटत नाहीं. हें सूत्र केवळ खेळांतील नगरास लागू आहे कीं खऱ्या नगरासहि, हें पाहण्यास आम्हांस दूर जावयाचें कारण नाहीं.

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलनें निघालें कीं पहिलें स्थानक विठ्ठलवाडी. एका अंगास कल्याण पूर्वेची दाट वस्ती, दुसऱ्या अंगास उल्हासनगरची हद्द. दुसऱ्या महायुद्धांत या भागांत लष्कराचा मोठा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या हजारों कुटुंबांस त्या तळाच्या बराकींत आसरा देण्यांत आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगरचा पाया घालण्यांत आला. बराक म्हणजे काय हें ज्यानें पाहिलें असेल त्यास सांगावयास नको. एकासारखी एक लांबट इमारत, ओळीमागें ओळ, आणि नांवांऐवजीं आंकडे. आजहि पत्ता सांगतांना तेथील लोक 'कॅम्प नंबर चार' असेंच म्हणतात. रम्य नगर कसें नसावें याचा नमुना दाखवावयाचा असता तर याहून चांगला सांपडला नसता.

परंतु तीं माणसें व्यापारी वृत्तीचीं होतीं आणि पोटाची निकड होती. बराकीच्या पुढच्या अंगास दुकान निघालें, मागच्या अंगास कारखाना निघाला. पापड, मिठाई, कापड, लांकडी सामान, पुढें जीन्स. लग्न निघालें कीं पलंग-कपाट घेण्यास उल्हासनगरास जावयाचें ही ठाणें जिल्ह्यांतील कित्येक घरांची रीतच होऊन बसली. आंखणी करणाऱ्यांनीं सैनिकांस निजण्याची जागा केली होती. वसणाऱ्यांनीं तिची पेठ केली. खेळणाऱ्यांनीं बोगद्याचा बाजार केला तो प्रकार आणि हा प्रकार यांची जात एकच. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, कीं बोगद्यांतील व्यापाऱ्यास कंटाळा आला तर तो संगणक बंद करून जेवावयास जाई. बराकींतल्या व्यापाऱ्याचें जेवणच त्या व्यापारावर अवलंबून होतें.

आतां याच मातींत थोडें अधिक खोल खणूं. कल्याण हें सातवाहनांच्या काळचें बंदर. येथून माल नाणेघाटानें जुन्नरास चढे व पुढें पैठणास जाई. कान्हेरीच्या लेण्यांतील कोरीव लेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें आहेत. त्यांत व्यापारी आहेत तसे सोनार-लोहारासारखे कारागीरहि आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक दर्यावर्द्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथांत या बंदराविषयीं जी माहिती दिली आहे ती आमच्या विषयास फार उपयोगी आहे. थोरल्या सारगनसाच्या वेळीं कल्याण ही कायदेशीर पेठ होती, असें तो सांगतो. पण पुढें तें सँदनेसाच्या हातीं गेल्यावर तेथील व्यापारास अटकाव झाला, आणि चुकून एखादें ग्रीक गलबत तेथें लागलेंच तर तें पहाऱ्यांत घालून भडोचला नेण्यांत येई. हे दोन पुरुष कोण याविषयीं इतिहासपंडितांचा वाद आहे. त्यांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. बंदर तेंच, खाडी तीच, घाट तोच, मालहि तोच. बदलला तो एक नियम. परक्यास येथें थांबण्याची मनाई झाली. आणि तेवढ्यानें पेठेची पेठपणा गेली. खेळाच्या चालकानें एक आज्ञा बदलावी आणि नगर ओस पडावें, असा हा प्रकार दोन हजार वर्षांपूर्वीं आमच्या खाडींत घडला आहे.

पण नियम पालटतात तसे पुन्हा पालटतात. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ख्रिस्ती प्रवाशानें लिहिलें त्या वेळीं कल्याण पुन्हा मोठ्या पेठांत गणलें जात होतें. पितळ, इमारती लांकूड आणि कापड तेथून बाहेर जाई, आणि इराणांतून नेमलेला एक ख्रिस्ती धर्माधिकारीहि तेथें राहत असे. इतक्या दूरच्या माणसानें येथें बिऱ्हाड करावें इतकी परक्यांची वर्दळ त्या काळीं होती, हें ध्यानांत घ्यावें. शिवाजीमहाराजांनीं १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी घेतली आणि स्वराज्याच्या आरमाराचा आरंभ येथल्या खाडींत झाला, तोहि याच जागेचा गुण; घाटाची वाट आणि समुद्राची वाट जेथें मिळतात तेथें राज्यकर्त्याचें लक्ष जाणारच.

मग आगगाडी आली. मुंबईहून ठाण्यापर्यंत ती १८५३ च्या एप्रिलांत धांवली आणि १ मे १८५४ रोजीं कल्याणास पोंचली. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्यें व थळ घाटाचा १८६५ मध्यें खुला झाला, आणि पुण्याकडील व नाशिककडील अशा दोन वाटा कल्याणास फुटल्या. गलबतें गेलीं, पण थांबण्याचें कारण राहिलें. नव्हे, तें शतपट वाढलें. गाडी बदलावयाची असते, कोणाची तरी वाट पाहावयाची असते, भूक लागलेली असते. जंक्शन म्हणजे मनुष्यांस थांबविणारें यंत्रच होय. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्यें, म्हणजे गाडी आल्यापासून दहा वर्षांच्या आंत, स्थापन झालें. आगगाडीनें वाचनालय आणलें असें आम्ही म्हणत नाहीं; पण जेथें चार गांवचीं माणसें थांबूं लागतात तेथें केवळ चहाच्या टपऱ्या निघतात असें नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

येथें कोणी म्हणेल, 'थांबण्याचें कारण तर आमच्या जुन्या खेड्यांतहि होतें. कुंभारावांचून कुणब्याचें आणि कुणब्यावांचून सुताराचें चालत नसे. बलुतेदारी ती हीच नव्हे काय? मग नगरच कां रम्य, खेडें कां नव्हे?' आक्षेप विचार करण्यासारखा आहे. या खेळांत एकानें ढाल धरावी, दुसऱ्यानें जखमा बऱ्या कराव्या, तिसऱ्यानें दुरून बाण मारावे, अशी कामाची वांटणी असते, आणि ती वरवर पाहतां बलुत्यासारखीच दिसते. परंतु बलुत्यांत काम जन्मानें मिळे आणि मरेपर्यंत सुटत नसे. ज्याच्या वांट्याला मेलेलीं गुरें ओढण्याचें काम आलें त्यास 'मी उद्यांपासून सराफ होतों' असें म्हणतां येत नसे. म्हणूं गेला तर गांव त्यास जागेवर बसवी. १९४८ च्या नोव्हेंबरांत घटनासमितीपुढें बोलतांना डॉक्टर आंबेडकरांनीं ग्रामव्यवस्थेच्या गोडव्यांवर जो कठोर प्रहार केला त्याचें मर्म हेंच होतें. परस्परांची गरज आहे, पण सोंग आपलें आपण घेतलेलें नाहीं, तेथें तो खेळ राहत नाहीं. ती शिक्षा होते.

नगर हें त्या शिक्षेंतून सुटण्याचें स्थान आहे. पुन्हा शूद्रकाकडे वळूं. 'मृच्छकटिकां'तला संवाहक पाटलिपुत्राहून उज्जयिनीस येतो, अंग रगडण्याची कला शिकून तिच्यावर पोट भरतो, पुढें जुगारी बनतो, आणि अखेर बौद्ध भिक्षु होऊन वसंतसेनेचे प्राण वांचवितो. एका जन्मांत तीन सोंगें! शर्विलक ब्राह्मणकुळांत जन्मून घर फोडतो आणि पुढें राज्यक्रांतींत सामील होतो. असलीं पात्रें खेड्यांत बसवून पाहा. पहिल्या अंकांतच तीं गुदमरतील.

सोंगाची हौस आपल्या लोकांस नवीन नाहीं. कल्याणचा माल ज्या पैठणास जाई त्याच पैठणांत सोळाव्या शतकांत एकनाथांनीं भारुडें रचलीं. त्यांत वासुदेव आहे, जोशी आहे, गोंधळी आहे, फकीर आहे, आंधळा-पांगळा आहे, महारहि आहे. रस्त्यांतून रोज जाणारें प्रत्येक सोंग नाथांनीं उचललें आणि त्याच्या तोंडून परमार्थ बोलविला. ब्राह्मणानें महाराच्या वाणीनें बोलावें ही गोष्ट त्या काळीं केवढी होती! क्षणभर दुसऱ्याच्या पायांनीं चालून पाहिल्यावांचून दुसऱ्याचें दुःख कळत नाहीं, हें ज्ञान त्या भारुडांच्या मुळाशीं आहे. हल्लीं 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या खेळाच्या २०१३ मध्यें निघालेल्या पांचव्या भागांतील नगर घेऊन तरुण मंडळी असाच प्रकार करतात. मूळ खेळ दरोडेखोरीचा, आणि नगर लॉस एंजेलिसच्या छापाचें. पण खेळणाऱ्यांनीं आपापल्या मंडळ्या करून त्यांत पोलीस, डॉक्टर, मोटार दुरुस्त करणारा, टॅक्सीवाला अशीं साधीं सोंगें घेण्यास सुरुवात केली. भारतांतहि अशा मंडळ्या आहेत. दिवसभर कचेरींत राबून आलेला तरुण रात्रीं पडद्यावर टॅक्सी हांकतो, याचें हंसूं येण्यासारखें आहे खरें; पण तें सोंग त्यानें आपण होऊन घेतलेलें असतें आणि त्याच्या टॅक्सीची कोणास तरी गरज असते. त्याच्या कचेरीविषयीं हीं दोन्हीं विधानें करतां येतील कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

उलट २०१८ मध्यें 'हिटमॅन' या खेळाच्या दुसऱ्या भागांत डेन्मार्कच्या रचनाकारांनीं आपली मुंबई दाखविली. चाळी, झोंपड्या, रुळांचें आवार, अर्धवट उभारलेला मनोरा, चित्रपटाचें चित्रण सर्व कांहीं त्यांत आहे, आणि खेळणाऱ्यास वेष पालटून शिंपीहि होतां येतें. देखावा सुरेख आहे. परंतु तेथील गर्दी यंत्राची आहे; तो शिंपी कोणाचा सदरा शिवून देत नाहीं. दोनचार रात्रींत सर्व गल्ल्या पाठ होतात आणि मुंबईसारखी मुंबई एका माणसाच्या शिकारीचें रान होऊन राहते.

गरज आणि स्वेच्छेचें सोंग यांच्या जोडीला तिसरी एक गोष्ट लागते. ती म्हणजे आठवण. काल ज्यानें आपणांस फसविलें किंवा तारलें तो उद्यां पुन्हा भेटणार, हें ठाऊक असलें म्हणजेच वागण्यास अर्थ येतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्यें पूर्वीं गुहेंत उतरावयाचें तर पांच जणांची टोळी जमवावी लागे. नगराच्या चौकांत उभें राहून हांका माराव्या लागत. वैदू मिळाला तर ढालकरी मिळत नसे. त्यांत तास तास जाई. २००९ च्या डिसेंबरांत चालकांनीं अशी सोय केली कीं, कळ दाबतांच यंत्रानें जोडीदार शोधून द्यावे आणि सर्वांस थेट गुहेंत नेऊन सोडावें. ते जोडीदार पुष्कळदां दुसऱ्याच जगांतले असत. काम झालें कीं पुन्हा त्यांचें तोंड दिसण्याचा संभव नसे. मग नमस्कार तरी कशास करावयाचा? लोक मुकाट्यानें येत व मुकाट्यानें जात. दहा वर्षांनीं, २०१९ च्या ऑगस्टांत, त्याच कंपनीनें जुना, त्या सोयीवांचूनचा खेळ पुन्हा सुरू केला. तेव्हां त्यांत शिरण्यासाठींच लोक तासन् तास रांगेंत राहिले. पैसे मोजून गैरसोय विकत घेणारा मनुष्य वेडा म्हणावा कीं शहाणा? आम्ही म्हणतों, त्यास गैरसोय नको होती. त्या गैरसोयीच्या निमित्तानें भेटणारी माणसें हवीं होतीं.

या आठवणीची दुसरी, भयाण बाजूहि याच खेळांत दिसली आहे. २००५ च्या सप्टेंबरांत एका गुहेंतील राक्षसाचा सांसर्गिक शाप चालकांच्या नजरचुकीनें बाहेर पडला आणि गर्दीच्या राजधान्यांत सांथ पसरली. कांहीं जण रोग्यांस बरें करण्यास धांवले, कांहीं रानांत पळाले, आणि कांहींनीं मुद्दाम हिंडून रोग वाढविला. पुढें २००७ मध्यें सांथींच्या अभ्यासकांनीं वैद्यकाच्या मान्यवर नियतकालिकांत त्यावर निबंध लिहिला. सांगण्याचा हेतु एवढाच कीं, जेथें माणसें खरोखर एकत्र येतात तेथें मनुष्यस्वभावाचें बरें आणि वाईट दोन्हीं उमटतात. त्यांतील एकच ठेवून दुसरें काढून टाकतां येत नाहीं. चोरावांचून उज्जयिनी होत नाहीं ती अशी.

या खेळांचे दोष आम्हांस दिसत नाहींत असें नाहीं. झोंप जाते, अभ्यास जातो, डोळे जातात. कित्येक घरांत रात्रीं दोन वाजतां दिवा जळत असतो आणि आई दाराशीं येऊन परत जाते. पण रागावण्यापूर्वीं एक प्रश्न आपण आपल्यास विचारावा. त्या मुलास जें पडद्यावर मिळतें तें पडद्याबाहेर आम्हीं शिल्लक ठेवलें आहे काय? वाणसामान दारांत येतें, औषध दारांत येतें, जेवण दारांत येतें; आणणाऱ्याचा चेहराहि आपण पाहत नाहीं. पूर्वीं वाण्याच्या पायरीवर, गिरणींतल्या दळणाच्या रांगेंत, नळावर, देवळाच्या ओट्यावर थांबणें भाग होतें; आतां फाटकाच्या आंत शिरलें कीं उद्वाहन थेट घरांत नेऊन सोडतें. २००९ च्या त्या कळीसारखीच ही सोय आहे. कल्याण आणि विठ्ठलवाडीच्या भोंवतीं ज्या उंच इमारती उठत आहेत त्यांच्या जाहिरातींत दंडीच्या यादींतलें सारें कांहीं असतें. तलाव, उपवन, कारंजें. परक्यापुढें थांबण्याचें कारण तेवढें कोठें दिसत नाहीं. अशा ठिकाणीं वाढणारा मुलगा दूरच्या एका बोगद्यांत जाऊन उभा राहिला, तर त्याच्या हातून अपराध घडला कीं आमच्या हातून?

याचा अर्थ पुन्हा नळावर भांडीं घेऊन रांग लावावी असा नव्हे. उल्हासनगरच्या निर्वासितांनीं हौस म्हणून बराकींत संसार थाटला नाहीं, आणि कोणाची हालअपेष्टा ही दुसऱ्याची करमणूक होऊं नये. परंतु सोय करतांना जें मोडतें त्याचा हिशेब ठेवावा, एवढें तरी नगर रचणाऱ्यांस सांगतां येईल. बाजार हलवितांना तेथें केवळ भाजी विकली जात होती असें समजूं नये. वाचनालय, मैदान, कट्टा, व्यायामशाळा यांवरचा खर्च शोभेच्या सदरांत लिहूं नये.

आणि एक काम आमच्या तरुण संगणकज्ञांचें आहे. दिवाळींत येथलीं मुलें अजूनहि अंगणांत, आणि अंगण नसेल तेथें जिन्याखालीं, मातीचा किल्ला करतात. वर सिंहासनावर महाराज बसतात, बुरुजांवर मावळे उभे राहतात. पण मुलांचा जीव रमतो तो पायथ्याशीं. तेथें विहीर पाहिजे, वाणी पाहिजे, बैलगाडी पाहिजे, जात्यावर बसलेली बाई पाहिजे. मग वाघ किल्ल्याएवढा झाला तरी चालतो. पेठेवांचून किल्ला पुरा होत नाहीं हें त्या मुलांस कोणीं शिकविलेलें नसतें. तीच बुद्धि ठेवून कोणी कल्याणचें नगर पडद्यावर उभें करावें. एका काळीं सँदनेसाचे पहारेकरी चुकवून गलबत धक्क्यास लावावें. एका काळीं दुर्गाडीखालीं जहाजाच्या फळ्या ठोकाव्या. एका काळीं घाटाची पहिली गाडी सुटण्याची वाट पाहावी. आणि एका काळीं विठ्ठलवाडीपलीकडच्या बराकींत, परक्या भाषेच्या मुलखांत, पहिलें गिऱ्हाईक येईल म्हणून दुकानाची फळी उघडावी. मराठी मुलानें त्या सिंधी दुकानदाराचें सोंग घ्यावें आणि सिंधी मुलानें खाडीवरच्या कोळ्याचें. नाथांनीं जें भारुडांत केलें त्याचीच ती पुढची पायरी होईल.

तोंवर, ज्यांच्या घरीं असा खेळणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनीं 'काय हें वेड!' म्हणण्याऐवजीं एकदां जवळ बसून विचारावें, 'तुझ्या त्या नगरांत लोक कोठें जमतात, आणि कशासाठीं?' उत्तर मन लावून ऐकावें. आपल्या गांवच्या कारभाराविषयीं त्यांत पुष्कळ शिकण्यासारखें सांपडेल.